सम आकडा, उजवा कौल

रविकांत खोताची पेटी एस.टी.च्या टपावरून खाली घेताना कंडक्टरने ती जरा जोरात टेकवली आणि आतली घंटा किणकिणली. थांब्यावर जमलेले चारजण हसले. त्यांना वाटले, मास्तर मुंबईहून गाणी वाजवायची पेटी घेऊन आला.

गाणी त्या पेटीत नव्हती. एक लाकडी खोके, पुढे पितळेचा पत्रा, पत्र्याला वीस भोके. पहिले भोक रुपयाएवढे, मग लहान लहान होत शेवटचे जेमतेम शिसपेन्सिलीएवढे. तारेला जोडलेली एक बारीक सळई हातात धरायची आणि कडेला न लावता एकेका भोकात घालून काढायची. सळई कडेला लागली की घंटा वाजे. माणसाच्या मनात किती भीती आहे ते तो तोंडाने सांगत नाही, हात सांगतो, एवढाच त्या पेटीमागचा विचार. वीस भोकांत पाचांपेक्षा कमी वेळा घंटा वाजणारा हात विरळा. शून्य कोणाचेच येत नाही. रविकांतने कॉलेजच्या प्रयोगशाळेत चारशे मुलांचे हात तपासले होते, त्यातही एकाचे आले नव्हते. जिवंत माणसाचा हात हलतोच.

हे १९५९ सालच्या नोव्हेंबरातले. रविकांत एकतीस वर्षांचा, मुंबईच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवणारा, वर्गात फळ्याकडे तोंड करून बोलणारा. प्रबंधासाठी त्याने मालवणच्या दक्षिणेचे वेळवंड गाव निवडले, कारण तिथे कौल होता. समुद्राकडे तोंड केलेल्या रवळनाथाच्या पाषाणाला पहाटे पाणी लावायचे, दोन्ही खांद्यांवर एकेक फुलाची पाकळी चिकटवायची आणि गाऱ्हाणे घालायचे. उजवी पाकळी आधी पडली तर होडीने खोल पाण्यात जावे. डावी पडली तर जाऊ नये. होडीचा प्रमुख तांडेल पुढे हात जोडून उभा राही, आबा गुरव देवाला साकडे घाली आणि मागची माणसे एका आवाजात म्हणत, "व्हय म्हाराजा!"

रविकांतला सिद्ध काय करायचे होते? खरे तर काहीच नाही. संशोधनाची रीत अशी, की आधी काहीच संबंध नाही असे धरून चालायचे. पाकळी कुठेही पडो, मासळीचा आणि जिवाचा तिच्याशी संबंध नाही. मग आकडे जमवायचे आणि हे धरून चालणे आकड्यांना पेलते का ते पाहायचे. पेलले तर ठीक. रविकांतची खात्री होती, पेलेल.

तो गोदूबाईंकडे उतरला. गोदूबाई विधवा, एकुलता एक मुलगा बाबू आणि सून सीता. बाबू तिशीतला, गावातला सगळ्यात तरुण तांडेल. जेवताना रविकांतच्या पानातले काटे बघून तो रोज म्हणे, "मास्तर, बांगड्याक घाबरू नकात हो. तो आधीच मेलेलो आसा."

पाच आठवडे रविकांत रोज पहाटे देवळात खांबाला टेकून उभा राहिला. कौल लिहिला, कोणाची होडी गेली ते लिहिले, दुपारी किनाऱ्यावर काय उतरले ते लिहिले. चौसष्ट फेऱ्या झाल्या. उजव्या कौलावर गेलेल्या बेचाळीस, त्यातल्या तीस भरून आल्या. डाव्या कौलावर कोणी जात नाही असे सांगत, पण घरात चूल असते, त्यामुळे बावीस वेळा होड्या तशाच गेल्या होत्या. त्यातल्या आठच धड परतल्या. बाकीच्यांचे जाळे फाटले, डोलकाठी मोडली, नाहीतर रिकामे हात.

ओसरीवर बसून त्याने गणित केले. चार घरांचा तक्ता, प्रत्येक घरात केवळ योगायोगाने किती यायला हवे होते ते, आणि प्रत्यक्षात किती आले. दोहोंतल्या फरकाचे वर्ग करून त्याने काय-स्क्वेअर काढला. सात पूर्णांक छत्तीस आला. शंभरात एक वेळा योगायोगाने घडेल अशा गोष्टीची हद्द सहा पूर्णांक चौसष्ट. आकडा हद्दीच्या पलीकडे उभा होता.

त्याने गणित पुन्हा केले. मग कागद उलटा ठेवून तिसऱ्यांदा केले. बाहेर लख्ख ऊन होते, सीता सुकी मासळी उलटीपालटी करत होती, आणि कागदावर तिन्ही वेळा आकडा तोच होता. पाकळीला ठाऊक होते.

त्याने मुंबईला आपल्या प्राध्यापकांना लिहिले. आठ दिवसांनी उत्तर आले. प्राध्यापक घाबरणारे नव्हते. गुरवाची किंवा तांडेलांची निवड कुठेतरी आत शिरत असणार, असे त्यांनी लिहिले होते. कौल कोणाच्याही मनावर सोडू नका. यादृच्छिक आकड्यांचे पुस्तक तुमच्याजवळ आहे. सम आकडा आला तर उजवा, विषम आला तर डावा. गुरवाला विश्वासात घ्या. मग पेटीवर हात तपासा आणि दोन्ही गटांच्या सरासरीतला फरक टी-चाचणीने पाहा. श्रद्धेचा हातावर काय परिणाम होतो ते त्याशिवाय कळणार नाही.

गुरवाला विश्वासात घ्या! रविकांत तीन दिवस पत्र खिशात घालून फिरला. चौथ्या दिवशी दुपारी देवळात गेला. आबा गुरव मंडपात बसून चिंचेने समई घासत होते.

"आबा, एक विचारायचं होतं."

"देवाक इचारतास काय माका?"

"तुम्हाला."

"मगे बसा. देवाक उभ्यान इचारूचा लागता."

रविकांतने मान खाली घालून, अडखळत, सगळे सांगितले. आता हा म्हातारा समई आपल्या डोक्यात घालणार असे त्याला वाटत होते. आबांनी समई बाजूला ठेवली, हात पुसले आणि आकड्यांचे पुस्तक मागून घेतले. पानामागून पान आकडेच आकडे. त्यांनी एका ओळीवरून बोट फिरवले.

"ह्ये आकडे कोणी ठरवले?"

"कोणीच नाही. तेच तर महत्त्वाचं. कोणाच्याही मनात काही नसताना आलेले आकडे आहेत."

"कोणाच्याच मनात नाय," आबा स्वतःशी म्हणाले. मग ते गाभाऱ्याकडे वळले. आत काळोखात ओला पाषाण चमकत होता. "मास्तरानू, कोणाक सांगू नकात. माझो बापूस कौल लावी तेव्हा देव बोलायचो. मी लावूक लागलंय आणि तिसऱ्या वर्सा देव गप झालो. पाकळी पडाच ना. मागे माणसां उभी, व्हय म्हाराजा, व्हय म्हाराजा. मगे मी काय करतलंय? आंगठ्यान एका बाजूक वायच जास्त पाणी लावलंय. पडली."

"तेव्हापासून?"

"सतरा वर्सां. वारो बघतंय. पाण्याचो रंग बघतंय. तांडेलाचे डोळे बघतंय, रात्री प्यालोसा काय, बायलेकडे भांडान इलोसा काय. आणि मगे लावतंय."

सात पूर्णांक छत्तीस म्हणजे हे. रविकांतला एकदम हलके वाटले. देव नव्हता, पाकळी नव्हती, एका म्हाताऱ्याचे डोळे होते. इथेच वही मिटायला हवी होती, हे त्याला पुढे आयुष्यभर वाटायचे होते. पण त्या घटकेला त्याच्या डोक्यात भलतेच चालले होते. आबांचे डोळे यातून काढून घेतले तर उरेल ती निव्वळ श्रद्धा. किती स्वच्छ प्रयोग! शिवाय पुढे जानेवारी. समुद्र तळ्यासारखा असतो. धोका कसला?

"तुम्हाला राग नाही ना आला?"

"राग?" आबा हसले. त्यांना दात थोडेच उरले होते. "सतरा वर्सां ह्या गावच्यो होड्यो माझ्या माथ्यार आसत. चार दिवस दुसऱ्याच्या माथ्यार जांव देत."

"त्या कोणाच्याच माथ्यावर जाणार नाहीत, आबा. आकडे आहेत ते."

"कोणाच्या तरी जातलेच," आबा म्हणाले आणि समई पुन्हा हातात घेतली.

जानेवारीत प्रयोग सुरू झाला. ठरले होते असे, की आकडा सम असला तर रविकांतने वही उजव्या काखेत धरायची, विषम असला तर डाव्या. आबा गाऱ्हाणे घालता घालता एकदा मागे बघत आणि अंगठा पाण्यात बुडवत. कौल झाला की तांडेल देवळाच्या पायरीवर ठेवलेल्या पेटीपाशी बसे आणि सळई भोकांत घाली. तांडेलांना ती गंमत वाटे. घंटा वाजली की मागचे ओरडत, "बायलेक भियालो रे!"

तीस हात तपासून झाले. उजवा कौल मिळालेल्यांची घंटा सरासरी सहा वेळा वाजली होती, डावा मिळालेल्यांची नऊपेक्षा जास्त. टी निघाला दोन पूर्णांक ब्याण्णव, हाही योगायोगाच्या हद्दीपलीकडे. कोणाच्याही मनात नसलेले आकडे माणसांच्या बोटांपर्यंत पोचले होते. रविकांतने त्या रात्री आनंदाने दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

एकतिसावा गंगाराम. चाळिशीचा, अबोल. त्याचा आकडा सम होता. आबांनी गाऱ्हाणे घातले, मागे वळून वहीकडे पाहिले, गंगारामकडे पाहिले आणि पुन्हा वहीकडे पाहिले. अंगठा पाण्याबाहेरच राहिला. आबांना काहीतरी विचारायचे होते, ते रविकांतला स्पष्ट दिसले. त्याने उजव्या काखेतली वही जराशी वर उचलली.

उजवी पाकळी पडली.

गंगाराम पेटीपाशी येऊन बसला. पहिले भोक, दुसरे, पाचवे, दहावे. घंटा वाजेना. चेष्टा करणारे हळूहळू गप्प झाले. गंगारामची सळई आत जाई आणि बाहेर येई, पण ती धरणारे कोणी आहे असे वाटत नव्हते. विसावे भोकही तसेच गेले. शून्य. रविकांतने घाईघाईने सळई घेऊन स्वतः भोकात घातली, तर घंटा लागलीच वाजली. बॅटरी ठीक होती. तरी वहीत त्याने शून्य लिहिले नाही. एक आडवी रेघ मारली आणि पुढे लिहिले, 'उपकरणात बिघाड'.

दुपारी गंगारामची होडी त्याच्याशिवाय परत आली. समुद्र इतका शांत होता की होडी येताना तिच्यामागची रेषा बराच वेळ पुसली जात नव्हती. बरोबरच्या तिघांनी सांगितले ते एकच. गंगाराम जाळे ओढत होता. मधेच त्याने जाळे सोडले, धोतर सारखे केले आणि होडीच्या काठावरून पाय टाकला.

"पडलो?" कोणीतरी विचारले.

"पडाक नाय. उतारलो," त्यातला एकजण म्हणाला. "घराची पायरी उतारतत तसो."

तिसऱ्या दिवशी तो तारकर्लीच्या वाळूवर मिळाला.

गावाने कौलाला बोल लावला नाही. उजव्या कौलावरही माणूस जातो, दर्याचे काय सांगावे, असे म्हणून बायांनी डोळे पुसले. आबा मात्र देवळाच्या मागे रविकांतला एकटा गाठून म्हणाले, "तेका ताप होतो. डोळे लाल. मी उजवो लावलंय नसतो." आवाजात राग नव्हता, तेच वाईट होते. ताप! रविकांतने त्या शब्दाला गच्च धरले. तापात माणसाला भ्रम होतो, हातही जड पडतो. सगळ्याला कारण होते. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही. चाळिसांच्या यादीत नऊच आकडे उरले होते, आणि थांबायचे तर का थांबायचे ते चारचौघांत सांगावे लागणार होते. चारचौघांत बोलणे त्याला कधी जमले नव्हते. तो थांबला नाही.

पाचव्या दिवशी बाबूचा आकडा सम होता.

बाबूला ताप नव्हता. आदल्या संध्याकाळी त्याने सीतेला हसवून हसवून बेजार केले होते. आबांनी त्याला नीट न्याहाळले, काही वावगे दिसले नाही आणि पाकळी पडली. बाबू पेटीपाशी ऐटीत मांडी घालून बसला. "माझी घंटा खंयच्या तालार वाजता ती आयका," तो म्हणाला आणि सळई आत घातली.

वाजली नाही.

बाबूने वर पाहिले. दुसऱ्या भोकात घातली, तिसऱ्या. तोंडावरचे हसू तसेच राहिले होते, पण ते आता विसरून राहिल्यासारखे होते. रविकांत त्याच्या हाताकडे बघत होता. उन्हातान्हाने काळा पडलेला हात, मनगटावर जाळ्याच्या दोरीचा वळ, आणि त्या हातात काहीही होत नव्हते. विसावे भोक संपले तेव्हा देवळात फक्त समुद्राच्या गाजेचा आवाज येत होता.

"बिघडली तुमची पेटी," बाबू म्हणाला आणि उठून किनाऱ्याकडे चालता झाला.

रविकांत वही धरून बसून राहिला. दोन माणसांवरूनही काही सिद्ध होत नाही. हे वाक्य त्याने मनात तीनदा म्हटले. चौथ्यांदा म्हणता आले नाही. तो उठला आणि धावत सुटला. वाळूत चप्पल निघाली, चष्मा घामाने घसरला. बाबूची होडी अर्धी पाण्यात होती, तिघे खांदा लावून ढकलत होते.

"बाबू, थांब! जाऊ नको!"

"काय झाला? भात करपलो?"

"कौल खरा नाही."

ढकलणारे थांबले. आजूबाजूच्या होड्यांवरची माणसे, मासळीच्या टोपल्या घेऊन उभ्या बाया, सगळे वळले. एवढ्या माणसांसमोर रविकांत जन्मात बोलला नव्हता.

"कौल मी दिला," तो म्हणाला. "जानेवारीपासून सगळे कौल मीच देतोय. पुस्तकातले आकडे बघून. सम आला तर उजवा. गंगारामचाही... गंगारामचाही माझाच होता."

मागून आबा वाळू तुडवत पुढे आले. "पाणी मी लावलंय," ते म्हणाले. "एकट्या मास्तराक धरू नकात."

बाबू होडीला टेकून उभा होता. त्याने रविकांतकडे असे पाहिले, की मारले असते तर बरे. "म्हणजे आमी तुमचे बेडूक? पोरांका फाडूक देतत ते?"

"नाही रे..."

"मगे काय?"

बाबूने वल्हे वाळूत फेकले. होडी गेली नाही. भीतीने नव्हे, रागाने गेली नाही. बाकीच्या होड्या गेल्या आणि दुपारी सगळ्या परतल्या, बांगड्याने काठोकाठ भरून. समुद्रावर दिवसभर एक लाट उठली नव्हती. बाबूच्या बरोबरची तीन माणसे दुसऱ्यांची मासळी उतरवताना बघत बसली.

रविकांतने सामान बांधले. सकाळच्या एस.टी.ने जायचे त्याने ठरवले होते. लोक आपल्याला दगड मारतील असे त्याला वाटत होते, आणि ते त्याला वाजवी वाटत होते. पण पहाटे दार उघडले तर गोदूबाईंच्या अंगणात दहा तांडेल रांगेने उभे होते. देवळाकडे कोणी गेलेच नव्हते.

"मास्तर, पेटी हाडा," पहिला म्हणाला.

"अरे, ते नुसतं यंत्र आहे. त्याला काही कळत नाही."

"गंगारामाचा कळला मा? हाडा."

त्याने नाही म्हटले, हात जोडले. ते उभेच राहिले. शेवटी गोदूबाईंनीच आत जाऊन पेटी उचलून आणली आणि ओट्यावर ठेवली. पहिल्याने सळई घातली. घंटा वाजली आणि तो मोठ्याने हसला. "वाजली रे! जगलंय!" दुसऱ्याची वाजली, तिसऱ्याची वाजली. पूर्वी जिच्यावरून चेष्टा करत त्या घंटेसाठी आता माणसे कान देऊन उभी होती, आणि वाजली की मागच्या बाया पदराने तोंड पुसत होत्या.

सगळ्यात शेवटी सीतेने बाबूला दंडाला धरून आणले. तो येत नव्हता. बसला, वीस भोके केली आणि उठला. अंगणात घंटेचा आवाज नव्हता.

असे तेरा दिवस चालले. रोज सकाळी रांग, रोज शेवटी बाबू, रोज शून्य. रविकांतने बॅटऱ्या बदलल्या, तारा बदलल्या, पत्रा घासला. इतरांची घंटा वाजायची. बाबूने मुद्दाम हात हलवून पाहिला, तरी सळई भोकाच्या मधोमध जाई, कोणीतरी ती धरून नेल्यासारखी. सीता त्याला पाण्याजवळ जाऊ देईना. तो विहिरीवरही एकटा जात नसे. होडी वाळूत तापून तिच्या फळ्यांना भेगा पडायला लागल्या. बाबूची चेष्टा बंद झाली, मग बोलणे बंद झाले, मग जेवण कमी झाले. न बुडताच तो दिवसादिवसाने खाली जात होता. आणि त्याला काय सांगावे ते रविकांतला कळत नव्हते. जा म्हणावे तर गंगाराम. जाऊ नको म्हणावे तर हे असे किती दिवस?

तेराव्या दिवशी दुपारी तो ओसरीवर वही घेऊन बसला असताना बाबू शेजारी येऊन टेकला.

"मास्तर, एक इचारू?"

"विचार."

"गंगारामाचा शून्य इला, तो गेलो. माझा शून्य इला, मी जावक नाय. म्हणजे तुमका अजून काय कळाक नाय. व्हय ना?"

"व्हय," रविकांत नकळत म्हणाला.

"मी गेलंय तरच कळात." बाबू त्याच्याकडे वळला. डोळे खोल गेले होते. "खरां सांगा. तुमका बघूचा नाय?"

रविकांत नाही म्हणायला तोंड उघडणार, तोच त्याची नजर मांडीवरच्या वहीवर गेली. पान आखलेले होते. डावीकडे तारीख होती, मग बाबूचे नाव, मग घंटेच्या रकान्यात शून्य. उजवीकडचा शेवटचा रकाना, परत आला की नाही याचा, मोकळा ठेवला होता. हे सगळे त्याने कधी लिहिले ते त्याला आठवेना. अक्षर त्याचेच होते, सुबक, घाई न करता काढलेले.

आपल्या आत बसलेले हे काय आहे? तो स्वतःला भित्रा समजत होता, बावळट समजत होता. असा समजला नव्हता.

"मी जातलंय फाल्या," बाबू म्हणाला. "हेच्यापेक्षा ता बरा."

"मग उद्या मीही येतो."

"खंय?"

"तुझ्या होडीत."

बाबू तेरा दिवसांत पहिल्यांदा हसला. "तुमी? तुमका खाडीतली होडीसुद्धा सोसणा नाय!"

"तू जाणार आणि मी किनाऱ्यावर वही घेऊन बसणार, हे आता व्हायचं नाही," रविकांत म्हणाला. आवाज कापत होता, पण वाक्य पुरे झाले. त्याने ते पान फाडले आणि त्याचे बारीक तुकडे केले.

पहाटे किनाऱ्यावर सगळे गाव उभे होते. कोणीतरी पेटी आणली होती. बाबूने सळई घातली. घंटा वाजली नाही. मग लोकांनी रविकांतला पुढे ढकलले. त्याने हात पुढे केला तो पहिल्याच, रुपयाएवढ्या भोकाला घंटा खणखणली, आणि मग थांबेचना. वीसच्या वीस भोके वाजली. त्या तसल्या वेळीही माणसे हसली. "मास्तर शंभर वर्सां जगतलो!" एकजण ओरडला. आबा हसले नाहीत. ते पुढे येऊन रविकांतच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "इचार केलास मा?" रविकांतने मान हलवली.

"एकाची वाजता, एकाची वाजणा नाय. होडी एक," बाबू म्हणाला. "आता दर्यान ठरवांदे."

सीता रडत होती. गोदूबाई रडत नव्हत्या, त्या नुसत्या होडीकडे बघत होत्या. तिघांनी होडी लोटली. रविकांतला दोघांनी उचलून आत घेतले आणि मधल्या फळीवर बसवले. तो दोन्ही हातांनी फळी धरून, डोळे मिटून बसला. किनाऱ्याच्या लाटा ओलांडताना पोटात ढवळून आले. मग होडी खोल पाण्यात शिरली आणि एकदम सगळे शांत झाले. वल्ह्यांचा आवाज तेवढा येत होता. पलीकडे सिंधुदुर्ग किल्ल्याचा तट धुक्यात अर्धाच दिसत होता.

"मास्तर!"

बाबूचा आवाज ऐकून रविकांतने डोळे उघडले. बाबू सुकाणूपाशी उभा होता. त्याने उजवा हात समोर धरला होता. बोटे कापत होती. ताडाच्या पानासारखी सगळी बोटे कापत होती, आणि बाबूच्या गालांवरून पाणी वाहत होते.

"हात थरथरता! बघा! मास्तर, माझो हात थरथरता!"

वल्ही मारणारे तिघे ओरडले, एकाने तर उठून बाबूला मिठीच मारली. होडी डुलली. रविकांतही हसला. बऱ्याच दिवसांची गाठ छातीतून सुटली. बाबू जगेल, हे त्याला कोणत्याही गणिताशिवाय कळले. आणि आता आपल्या पोटातले ढवळणेही थांबले आहे, हे त्याच्या ध्यानात आले. घाबरायलाही होत नव्हते. उलट फार बरे वाटत होते, काही न वाटावे इतके बरे.

त्याने खाली पाहिले. फळीवरचा त्याचा हात स्वस्थ पडला होता. होडी हलत होती, फळी हलत होती. हात हलत नव्हता.

"काय झाला, मास्तर?" बाबूने विचारले.

"काही नाही," रविकांत म्हणाला. त्याने तो हात कोटाच्या खिशात घातला आणि किनारा किती लांब राहिला ते वळून पाहिले.